एकाच तव्यावरची दोन पोटं

गुरम्मा आमच्या शेजारी राहते. मधे एकच भिंत आहे, तीही नावाला, कारण तिच्याकडे फोडणी पडली की शिंका मला येतात. मी मालती. एका कॉलेजच्या ऑफिसात जन्मभर कारकुनी केली आणि आता निवृत्त होऊन लोकांच्या घरात नाक खुपसते, असं माझा मुलगा सुबोध म्हणतो. म्हणू दे. नाक खुपसलं नसतं तर ही गोष्ट मला सांगता आली नसती.

गुरम्माचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कानडी मुलखातलं. सातवीपर्यंत कानडी शाळा, मग लग्न, मग सोलापूर आणि मराठी. शाळा सुटली, पण प्रश्न विचारायची खोड काही सुटली नाही. विरजण घातलं की दुधाचं दही होतं, मग पाण्यात घातलं तर पाण्याचं काहीच का होत नाही? ज्वारीची आंबील थंडीत उशिरा का आंबते? एकदा मी वैतागून म्हटलं, "आंबते म्हणून आंबते." तर म्हणाली, "तसं कसं मालतीताई? काई तरी कारन असंलच की." ती गेली की मग मीच त्याचा विचार करत बसायची आणि माझं दूध उतू जायचं.

त्यांच्या घरात चार माणसं. नवरा महेश्वर, त्याचं पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. थोरला दीर गुरुबसप्पा, बायको वारल्यापासून यांच्यातच जेवतो, सकाळी मोटारसायकलवरून वळसंगच्या शेतावर जातो आणि दिवेलागणीला परत येतो. आणि सासू बसव्वा, ज्यांना घरात सगळे अव्वा म्हणतात आणि ज्यांच्यापुढे दोघंही लेक अजून आवाज चढवत नाहीत. घर लिंगायत, पक्कं शाकाहारी. गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा नाही. मी एकदा दिवाळीत हौसेनं केक घेऊन गेले, तर "यात अंडं हाय का?" एवढंच विचारून बसव्वांनी मला दारातूनच गोड बोलून परत पाठवलं. तो केक मग मी एकटीनं खाल्ला.

दोन वर्षांपूर्वी महेश्वरला दुकानातच हार्ट अटॅक आला. जेमतेम पन्नाशीचा माणूस. वेळेवर नेलं, स्टेंट घातला, वाचला. पण हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सगळे सोयरे जमलेले असताना बसव्वांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "हिच्या हातचं तेल माझ्या लेकाच्या काळजावर चढलं की!"

दुःखात माणूस काहीही बोलतो, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. बसव्वांनी मात्र सोडलं नाही. कुणी तब्येतीची चौकशी करायला आलं की तेच. लग्नाकार्यात पंगतीला बसलं की तेच. गुरम्मा उलट बोलायची नाही. तिनं घरातलं तेल निम्म्यावर आणलं, मीठ कमी केलं, आणि शेंगा चटणी कुटणं बंद केलं. तिच्या उखळातली ती चटणी, बोटाला तेल लागेल अशी, मला वाटीभर ठरलेली असायची. म्हणजे बसव्वांच्या तोंडामुळे माझंही नुकसान झालं. मी एकदा महेश्वरसमोरच म्हटलं, "अहो, डॉक्टरांनी कुठं सांगितलंय की चटणीनं झालं?" तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मला वाटलं, आजारपणानं मिळमिळीत झालाय बिचारा.

पण गुरम्माच्या डोक्यात एक प्रश्न घर करून बसला होता. भिंतीपाशी उभी राहून ती मला म्हणाली, "ताई, तवा एक, पीठ एक, भाजी एका कढईतली. भावजी साठीला आले, त्यांना जिना चढताना धाप न्हाय. मग ह्यांचंच काळीज का? माझ्या हाताला दोष असंल तर दोगांना पायजे की न्हाय?"

 खरं सांगायचं तर तिच्या सुरात भांडण नव्हतं, नुसती भीती होती. नवऱ्याला पुन्हा काही झालं तर ते आपल्याच हातून होईल, असं तिनं मनाशी धरलेलं मला दिसत होतं.

याच वर्षी महेश्वरच्या तपासणीला आम्ही गेलो होतो. आम्ही म्हणजे ते दोघं आणि मी, कारण इंग्रजी कागद वाचायला गुरम्माला मी लागते. तिथं डॉक्टर भार्गवी नावाची एक तरुण मुलगी भेटली. हृदयाच्या आजाराचा आणि पोटातल्या जंतूंचा काय संबंध आहे, यावर तिचं संशोधन चाललं होतं. तिला असे सख्खे भाऊ हवे होते की ज्यांच्यातल्या एकाला आजार आहे आणि दुसऱ्याला नाही.

"आमच्यात हाय की!" गुरम्मा खुर्चीतून उठलीच.

महेश्वर म्हणाला, "कशाला नसत्या भानगडी? गोळ्या चालू हायत ना."

"तुमी गप बसा. मला विचारायचंच हाय."

मग तासभर गुरम्मानं त्या पोरीला जे पिळलं, ते बघण्यासारखं होतं. पोटात जंतू असतात, हे तिला ठाऊक होतं, पण ते वाईटच असतात अशी तिची समजूत होती. भार्गवी म्हणाली, "आपल्या मोठ्या आतड्यात त्यांची मोठी वस्ती असते. कोट्यवधी. आपण जेवतो त्यातलं जे आपल्याला पचत नाही, ते त्यांचं जेवण. ज्वारीचा कोंडा, पालेभाज्यांचा चोथा, डाळींची सालं. ते खाऊन काही जंतू असे पदार्थ तयार करतात की त्यानं आतड्याचं अस्तर चांगलं राहतं, रक्तदाबालाही मदत होते, असं दिसतंय."

"म्हंजे आंबील आंबते तसं? पोटात?"

भार्गवी थांबली. "बरोब्बर तसंच. आंबवणारे जंतूच."

"म्हंजे मी चौगांची भाकर थापते, आनि जेवतंय पोटातलं आख्खं गाव म्हना की." तिला एकदम गंमत वाटली. मग गंभीर होऊन विचारलं, "आनि ते जंतू शाकाहारी असत्यात का?"

मला हसू फुटलं, पण डॉक्टरीण हसली नाही. "प्रश्न चांगला आहे मावशी. मांसात एक पदार्थ असतो, अंड्यातही तसाच दुसरा असतो. काही जंतू त्याच्यावर जगतात. ते त्याचा एक वायू करतात, तो यकृतात जातो आणि तिथं त्याचं आणखी एक रसायन होतं. ते रक्तात जास्त असलं की रक्तवाहिन्यांना धोका वाढलेला दिसतो. जे रोज मांस खातात त्यांच्या पोटात अशा जंतूंची भरती असते. जे खात नाहीत त्यांच्यात बहुतेक कमी. पण यातलं सगळं अजून पक्कं झालेलं नाही, म्हणून तर आम्ही तपासतोय."

"आमच्यात तर ते उपाशीच मरत असतील," गुरम्मा म्हणाली. महेश्वर खिडकीतून पार्किंगकडे बघत होता.

दोघा भावांना शौचाचा नमुना द्यायचा होता, आणि त्याआधी रोजच्यासारखंच जेवा असं भार्गवीनं बजावून सांगितलं होतं. आता हे गुरम्माला सांगणं म्हणजे पाहुणे येणार आहेत, पण घर आवरू नका, असं सांगण्यासारखं होतं. तिनं आठवडाभर दोघांना सकाळी आंबील पाजली, हुलग्याचं माडगं केलं, अंबाडीची भाजी, जिला त्यांच्यात पुंडीपल्या म्हणतात, ती दोन वेळा केली, कडक भाकरी ताकात कुस्करून दिली. महेश्वरला तर घराबाहेर जेवूच दिलं नाही. नमुने घेऊन आम्ही गेलो तेव्हा तिनंच अभिमानानं हे सगळं सांगितलं. भार्गवीनं डोक्याला हात लावला.

"मावशी, मला तुमच्या घरचं रोजचं पोट हवं होतं. तुम्ही सणाचं आणलंत."

"मग काय घान आनून देऊ?" गुरम्मा म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते ध्यानात येऊन पदर तोंडाला लावून हसत सुटली. शेवटी महिन्याभरानं पुन्हा नमुने द्यायचं ठरलं. या वेळी मीच पहारा ठेवला. महेश्वरच्या मोहोळच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. तिथल्या शेतकऱ्यांना पंपाचा माल पोचवायला तो दर आठवड्याला जायचा. गुरम्मा डब्यात कडक भाकरी आणि भाजी द्यायची, आणि डबा संध्याकाळी लख्ख रिकामा परत यायचा.

नमुन्यांनंतर आणखी एक चाचणी होती. मांसात असतो तोच पदार्थ, पण कारखान्यात बनवलेला, कॅप्सूलमधून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासायचं. पोटातल्या जंतूंना त्याची सवय असेल तर ते त्यावर तुटून पडतात आणि ते रसायन रक्तात चढतं. सवय नसेल तर फारसं काही होत नाही.

गुरम्मानं कॅप्सूल उजेडात धरून बघितली. "ह्याचं वरचं कवर कशाचं?"

"झाडापासूनचंच आहे. तुमच्यासाठी मुद्दाम मागवलंय."

गुरुबसप्पानं शिवाचं नाव घेतलं, गोळी गिळली आणि चहा मिळेल का विचारलं. महेश्वरनं मात्र फार आढेवेढे घेतले. आमच्या घरात चालत नाही, अव्वाला कळलं तर काय म्हणेल, उगाच बाट कशाला. शेवटी गुरम्मानं पाण्याचा पेला पुढं केला तेव्हा त्यानं ती गिळली. मला त्याचं कौतुक वाटलं. घरी येऊन मी सुबोधला म्हणाले सुद्धा, बघ, आजच्या काळात इतकं पाळणारी माणसं आहेत.

रिपोर्ट आले तेव्हा भार्गवीनं आधी विचारलं, "हे ज्याचं त्याला एकेकट्याला सांगू, की सगळ्यांसमोर?"

"सांगा की, त्यात काय," गुरुबसप्पा म्हणाला. महेश्वरला नाही म्हणता आलं नाही, कारण गुरम्मा शेजारीच खुर्ची ओढून बसली होती.

गुरुबसप्पाच्या रक्तात ते रसायन जवळजवळ चढलंच नव्हतं. त्याच्या पोटातली वस्ती कोंडा-भाजी खाणाऱ्यांनी भरलेली होती. महेश्वरच्या रक्तात ते सरळ वर गेलं होतं, नेहमी मांस खाणाऱ्या माणसाच्या जाईल इतकं.

 भार्गवीनं महेश्वरकडे एकदाच बघितलं आणि मग कागदाकडे बघत, फार सांभाळून, म्हणाली, "यावरून कुणाबद्दल काही सिद्ध होत नाही. कधीही मांस न खाणाऱ्या काही लोकांतही हे चढलेलं सापडतं. का, ते आम्हालाही अजून कळलेलं नाही. आणि अटॅकला एक कारण नसतं. बसून काम, रक्तदाब, घराण्यातला आजार, सगळं मिळून होतं."

त्या पोरीनं त्याच्यासाठी दार सताड उघडून ठेवलं होतं. त्यानं नुसतं बाहेर पडायचं होतं. पण मधे गुरम्मा होती, आणि तिला कारण पाहिजे होतं.

"म्हंजे ह्यांनी खाल्लं न्हाय, तरी पोटात ते जंतू आले," ती हळूहळू जुळवत म्हणाली. "ते कुठनं तरी आले असतील की. भायेरनं न्हाय, तर घरातनं. भावजी दिवसभर शेतात, त्यांच्या पोटाला मातीची, उन्हाची ताकद. ह्यांच्या पोटाला तेवढी न्हाय. मग माझ्याच सैपाकातनं गेले असतील. अव्वा म्हंत्यात ते खोटं न्हाय तर." आणि भार्गवीकडे वळून तिनं विचारलं, "डॉक्टर, माझं बी तपासा. माझ्या हातात काय हाय ते बघा. न्हायतर मी सैपाक करायचंच सोडते, दुसरी बाई बघू."

ती हे रडून म्हणाली असती तर मला कमी वाईट वाटलं असतं. ती अगदी शांतपणे, कामाचं बोलावं तसं बोलत होती.

महेश्वरनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "तिचं तपासू नका," तो म्हणाला. "मी खातो."

"काय खाता?" गुरम्मानं विचारलं.

"मटन. मोहोळला. हायवेवर एक खानावळ हाय." मग एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. लग्नाच्या आधीपासून खात होता. अटॅक आल्यावर काही महिने सोडलं, मग परत सुरू केलं. डब्यातली भाजी खानावळीतल्या पोऱ्यांना द्यायचा. भाकरी मात्र ठेवून घ्यायचा. "तुझीच कडक भाकरी रश्श्यात कुस्करून," तो म्हणाला आणि मान खाली घातली. "तिथली भाकर बरी नसते."

इतक्या वेळात पहिल्यांदाच गुरुबसप्पा खोकला. मला हसावं की त्या माणसाच्या डोक्यात पर्स घालावी तेच कळेना. माझं ते कौतुक, सुबोधपुढचं, आठवून माझी मलाच लाज वाटली.

भार्गवी म्हणाली, "खरं सांगितलंत ते फार बरं झालं. नाहीतर माझा हिशोब चुकला असता आणि तुमचा इलाजही. खाणं बदललं की वस्तीही बदलते, पण सावकाश. गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि आंबील प्यालो म्हणजे सुटलो असंही समजायचं नाही."

गुरम्मानं त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. तिला गप्प बघायची मला सवय नाही, त्यामुळे परतीच्या रिक्षात मीच अखंड बडबडत होते, रस्त्यातल्या खड्ड्यांवर, उन्हावर, काहीही. गुरुबसप्पा मोटारसायकलवर पुढं गेला होता. नवरा-बायको माझ्या दोन बाजूंना बसले होते आणि दोघं बाहेर बघत होते.

घरी बसव्वा पलंगावर वाट बघत बसलेल्या. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून त्यांचं सगळं राज्य त्या पलंगावरून चालतं. "काय निगालं?" त्यांनी विचारलं. "कशानं झालं म्हनाली ती डॉक्टरीन?"

सवयीनं सगळ्यांनी गुरम्माकडे बघितलं, कारण दवाखान्यातलं सांगायचं काम नेहमी तिचं. ती चपला काढून आत आली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. तिनं एका शब्दानं त्याला अडकवलं नाही की सोडवलंही नाही. मी दारातच थांबले. शेजारणीनं अशा वेळी निघून जावं, हे मला कळतं, पण पाय हलले नाहीत.

महेश्वरनं आधी जंतूंचं सुरू केलं. पोटात वस्ती असते, काही चांगले असतात, काही वाईट असतात, त्यांचं असं असतं की. बसव्वा वैतागल्या. "ते ऱ्हाऊ दे. हिच्या तेलाचं काय म्हनाली?"

"अव्वा," महेश्वर म्हणाला, "हिच्या तेलाचं काई न्हाय. मी भायेर मटन खात व्हतो. लई वर्सं. तू हिला बोलायचीस तवा मला ठाऊक व्हतं. मी ऐकून घेतलं."

"शिवा शिवा!" बसव्वांनी कानांवर हात ठेवले. त्यांनी लेकाला कानडीतून काय काय सुनावलं ते मला अर्धंच कळलं, आणि तेवढ्यानंही माझ्या अंगावर काटा आला. तो उभा राहून ऐकत होता. इतक्यात भिंतीपाशी गुरम्मा मटकन खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून मोठमोठ्यानं रडायला लागली. ती कधी रडलेली मी पाहिली नव्हती, हॉस्पिटलच्या व्हरांड्यातही नाही.

बसव्वांना वाटलं, घर बाटलं म्हणून रडते. त्या म्हणाल्या, "गप, गप. प्रायश्चित्त घ्यायला लावू त्याला. स्वामींना बोलवू. मटनापायी तू का रडतीस?"

"मटनाचं न्हाय हो अव्वा," गुरम्मा हुंदके देत म्हणाली. "खाऊ दे न्हायतर सोडू दे, ते त्यांचं ते बगतील. मला वाटायला लागलं व्हतं की मीच तुमच्या लेकाला रोज थोडं थोडं मारायली. ताट वाडताना तेलाचा थेंब थेंब मोजायची मी. कुनाला सांगनार? ह्यांना तर सांगत व्हते, अव्वा. ह्यांनाच सांगत व्हते मी, आनि हे म्हनायचे, झोप आता."

महेश्वरकडे तेव्हा मला बघवलं नाही.  मग बसव्वांनी पलंगाच्या कडेला धरलं. "अव्वा, गुडघे," महेश्वर म्हणाला आणि पुढं झाला, तसा त्यांनी त्याचा हात झिडकारला. कण्हत, थांबत, एकेक पाय दुमडत त्या खाली उतरल्या आणि गुरम्माच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसल्या.